तळटीप १२ : मायक्रोआरएनए-१०बी

१२. मायक्रोआरएनए हे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे लहानसे आरएनए असतात. त्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही. उलट ते संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतात. पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत सापडल्याचे जाहीर झाले. या शोधाबद्दल व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रव्हकन यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

'१०बी'चा कर्कप्रसाराशी असलेला संबंध अमेरिकेतील व्हाइटहेड संस्थेत ली मा, रॉबर्ट वाइनबर्ग व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगात दाखवला. त्याची साखळी अशी : 'ट्विस्ट' हे प्रथिन १०बीचे प्रमाण वाढवते; १०बी 'हॉक्सडी१०' या प्रथिनाची निर्मिती अडवतो; त्यामुळे हॉक्सडी१० ने एरवी दाबून ठेवलेले 'आरएचओसी' जनुक मोकाट सुटते आणि पेशी जागा सोडून आसपासच्या ऊतींत शिरू लागते. एरवी न पसरणाऱ्या कर्कपेशींत १०बी वाढवून त्या उंदरांत सोडल्या, तेव्हा त्याही दूरवर पोहोचल्या.

मूळ गाठ तशीच राहूनही फुप्फुसांतील प्रसार घटल्याचा जो उल्लेख वर आला आहे, तो याच गटाच्या २०१० मधील प्रयोगाचा. त्यात १०बीला निष्प्रभ करणारा कृत्रिम रेणू उंदरांना टोचला होता. म्हणून रुग्ण व त्यांच्या आप्तांनी हा प्रयोग म्हणजे माणसांवरील सिद्ध उपचार समजू नये.