वैशाखवणव्यापूर्वी हिरव्या कुंपणाची तयारी

पुणे, सोलापूर, नागपूर यांसारख्या शहरांतून ऑक्टोबरात पाऊस निरोप घेतो. त्यानंतर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, एखादा वळीव वगळता, बागेला आभाळाचे पाणी मिळत नाही. बंगल्याभोवतीचे किंवा सोसायटीच्या आवारातील मेंदी, कोयनेल, ड्युरांटा, कुंती वा जास्वंदीचे कुंपण या काळात कसे तग धरणार, हे मे महिन्यातील पाण्यापेक्षा फेब्रुवारीतील कामावर अधिक अवलंबून असते. बहुतेक ठिकाणी मात्र कुंपणाची आठवण होते ती पाने करपू लागल्यावर.

पहिले काम छाटणीचे. ती महाशिवरात्रीच्या आसपास उरकावी आणि होळीनंतर मोठी कात्री कपाटातच राहू द्यावी. उशिरा केलेल्या छाटणीमुळे एरवी पानांच्या सावलीत असलेल्या आतील फांद्या एकाएकी उन्हात येतात व त्यांची साल भाजते. शिवाय छाटणीनंतर फुटणारी कोवळी पालवी एप्रिलच्या झळांत टिकत नाही. कुंपण वरून अरुंद व बुंध्याशी रुंद ठेवावे. तसे न केल्यास खालच्या पानांना ऊन मिळत नाही, तळ उघडा पडतो आणि मुळांवरील सावली नाहीशी होते. कात्री लावण्यापूर्वी आत एकदा डोकावून पाहावे. बुलबुलांची घरटी याच सुमारास कुंपणात होऊ लागतात. तेवढा भाग पिले उडेपर्यंत न छाटल्याने शोभेत फारशी उणीव येत नाही.

छाटणीनंतर बुंध्याशी कुजलेले शेणखत वा कंपोस्ट घालावे. युरिया मात्र कटाक्षाने टाळावा, कारण तो पाण्याची भूक वाढविणारी कोवळी वाढ आणतो. काळ्या जमिनीत उन्हाने भेगा पडतात, बारीक मुळे तुटतात आणि खोलवरचा ओलावा उडून जातो. म्हणून वरवरची खुरपणी करून भेगा बुजवाव्यात व त्यावर वाळलेल्या पाल्याचे दोन ते तीन इंच जाडीचे आच्छादन पसरावे. ते खोडाला भिडू देऊ नये, अन्यथा साल कुजते व वाळवी लागते. आवारात झाडलेला पालापाचोळा जाळून टाकायचा आणि मग टँकर मागवायचा, हा विरोधाभास शहरात सर्रास दिसतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात दिवसाला ७-८ मिलिमीटर बाष्पीभवन होणे नवलाचे नाही. दोन फूट रुंदीच्या कुंपणाला त्यामुळे मीटरभर लांबीमागे आठवड्याला जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या पुरतात. जुन्या, मुरलेल्या कुंपणाचे याच्या निम्म्यातही भागते. हे पाणी रोज थोडे थोडे न शिंपडता आठवड्यातून दोनदा, पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, सावकाश मुरू द्यावे. रोजच्या शिंपडण्याने मुळे पृष्ठभागाशीच राहतात आणि एका दिवसाचा खंडही त्यांना सोसत नाही. ठिबकची नळी आच्छादनाखाली अंथरल्यास उत्तम.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. अशा टंचाईत कुंपणाला नळाचे पाणी मागणे कोणालाही शोभणार नाही. तेव्हा प्राधान्य ठरवावे. दोन वर्षांहून लहान रोपे आधी, त्यानंतर जास्वंद व कुंती. जुनी मेंदी आणि बोगनवेल शेवटी. ती पाने गाळतात, परंतु मुळे जिवंत असल्यास पावसाबरोबर पुन्हा फुटतात. भाज्या-तांदूळ धुतलेले आणि वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी खुशाल वापरावे. ‘आरओ’ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते एकाच जागी सतत ओतू नये. कोयनेल मुळात खारफुटीच्या शेजारी, समुद्रकाठी वाढणारी असल्याने तिला असे पाणी इतरांपेक्षा अधिक सोसते.

कोरड्या हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण वाढतात. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर परिसरात प्रथम आढळला व पुढे जास्वंदीच्या कुंपणांनाही त्याने ग्रासले. पानांच्या खालच्या बाजूवर पहाटे पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास कोळ्यांचा उपद्रव बराच कमी होतो. पिठ्या ढेकणासाठी लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात तेल फवारल्यास पाने करपतात. फार ग्रासलेल्या फांद्या कापून पिशवीत बंद कराव्यात. त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.

नवीन लागवड मार्चमध्ये करण्याचा मोह आवरावा. मोकळ्या जागी दीड फूट खोल चर आताच खणून तो उन्हात तापू द्यावा आणि मृगाच्या सरी आल्यावर त्यात रोपे लावावीत.