कवींनी वर्णिलेली वेणी

कथेतल्या नायिकेच्या वेणीचे वर्णन करा, असे कोणी सांगितले तर आपण काय लिहाल? लांब, काळीभोर, कमरेखाली रुळणारी; फार तर नागिणीसारखी. एवढ्यावर लेखणी थांबते. केस दिसतात, पण ती बाई काही डोळ्यांपुढे उभी राहत नाही. आपल्या जुन्या संस्कृत कवींनाही नागिणीची उपमा ठाऊक होती, आणि त्यांनी ती मनमुराद वापरली. पण जिथे त्यांना बाईचे मन दाखवायचे होते, तिथे त्यांनी वेणीची लांबी मोजली नाही. ही वेणी कोणत्या दिवशी घातली आणि ती सोडणार कोण, हे सांगितले.

त्यामागे एक रीत होती. पती दूर गेला की पत्नीने फुले माळायची नाहीत, केशरचना करायची नाही. सगळे केस एकत्र घेऊन एकच साधी वेणी घालायची. तिचे नाव एकवेणी. एवढा एक शब्द आला की त्या काळच्या रसिकाला पुढचे सारे उमगत असे. वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातली सीता अशीच आहे. एक वेळ तर ती इतकी निराश होते की त्याच वेणीचा फास करून जीव द्यावा असे तिच्या मनात येते, आणि ती शिंशपेच्या झाडाची फांदी धरून उभी राहते. रामासाठी राखलेली वेणी प्राणावर उठावी, यापरते दुःख कवी कोणत्या शब्दांत सांगणार?

कालिदासाने ‘मेघदूता’त याच एकवेणीचे दिनदर्शिकेसारखे काम करून घेतले. यक्षाला वर्षाचा शाप आहे. चार महिने उरले आहेत. रामगिरीवरून (अनेक अभ्यासक हा नागपूरजवळचा रामटेक मानतात) तो मेघाला पत्नीची खूण सांगतो. विरहाच्या पहिल्याच दिवशी तिने फुलांची माळ काढून केस बांधले. शाप संपल्यावर ते मीच सोडणार. आता ती वेणी राठ झाली आहे, तिला हात लागला तरी दुखते. ती गालावर येते आणि न कापलेल्या नखांच्या हाताने ती पुन्हा पुन्हा मागे सारते. पहा, आठ महिने लोटले असे कवीने इथे म्हटले नाही. केसांचा गुंता आणि वाढलेली नखे ते सांगतात. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकातही दुष्यंताला दिसते ती मळक्या वस्त्रातली, एकवेणी धारण केलेली शकुंतला. ज्याने ओळख नाकारून घालवून दिले, त्याच्याचसाठी ती हे व्रत पाळत होती. राजाला लाजवायला ती एक वेणी पुरते.

परंतु वेणीवर अख्खे नाटक उभारले ते भट्टनारायणाने. आठव्या शतकाच्या सुमाराचे त्याचे ‘वेणीसंहार’ एकोणिसाव्या शतकात परशुरामतात्या गोडबोले यांनी मराठीत आणले. मराठी माणसाला ‘संहार’ म्हटले की नाश आठवतो. इथे त्याचा अर्थ आवरणे, एकत्र बांधणे. दोन्ही अर्थ या नाटकाला लागू पडतात. महाभारतात दुःशासन द्रौपदीला ज्या केसांना धरून सभेत ओढतो, ते राजसूय यज्ञात मंत्रजलाने भिजलेले केस होते, याची आठवण व्यास मुद्दाम देतात. केस मोकळेच ठेवण्याचा तिचा प्रसिद्ध पण मात्र पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सित आवृत्तीत आढळत नाही. त्या कल्पनेला रंगभूमीवर ठसठशीत रूप दिले ते भट्टनारायणाने. दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी मी तुझी वेणी बांधीन, अशी भीम प्रतिज्ञा करतो.

पहिल्याच अंकात दुर्योधनाची राणी भानुमती टोमणा मारते: पाच गावांवर तह होतोय म्हणे, मग अजून केस का बांधले नाहीत? द्रौपदीची दासी उलट उत्तर देते, तुमचे केस सुटल्याशिवाय आमच्या राणीचे कसे बांधले जातील! केस सुटणे म्हणजे वैधव्य. दोन घरांचे सौभाग्य दोन केशसंभारांवर टांगले आहे.

आणि शेवट तर फारच हृदयस्पर्शी आहे. युद्ध संपते. भीम द्रौपदीला म्हणतो, बांध आता ही वेणी. ती म्हणते, मी ते विसरून गेले आहे. आपल्या कृपेने पुन्हा शिकेन. मग भीम स्वतःच वेणी बांधतो. तेरा वर्षांचा वनवास आणि अज्ञातवास, अठरा दिवसांचे युद्ध, आणि हाती काय आले? रोज सकाळी सहज व्हायची ती वेणीफणी तिचे हातच विसरले. विजयाच्या क्षणी तिच्या तोंडी हे साधे वाक्य घालणारा नाटककार बाईचे दुःख ओळखणारा होता.

तेव्हा आपण कधी कथा लिहायला बसलात आणि नायिकेची वेणी आडवी आली, तर पेड किती, लांबी किती, हे हवे तर सांगा. पण आधी स्वतःला विचारा: आज ही तिने स्वतः घातली का? कशासाठी? आणि घालताना तिचा हात कुठे अडला?