कुऱ्हाडीचा दांडा: गेममधलं लाकूड आणि खऱ्या माणसाचं लाकूड

इअरफोन नीट लावा, आवाज थोडा वाढवा. आज सुरुवात एका कोड्याने करतो.

झाड तोडायला काय लागतं? कुऱ्हाड. कुऱ्हाडीला काय लागतं? एक पातं आणि एक लाकडी दांडा. दांडा कुठून आणायचा? झाडावरून. आणि झाड तोडायला काय लागतं? झालं, आलो परत पहिल्या प्रश्नावर!

हे कोडं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सोडवलंय. आयुष्यात नाही, फोनवर. जंगलात एकट्याने जगायचा कुठलाही गेम घ्या, पहिली पाच मिनिटं यातच जातात. हातात काही नाही, संध्याकाळ होत आलीय, आणि लाकूड पाहिजे.

तर आजचा विषय हाच. गेम बनवणाऱ्यांनी हे कोडं कसं सोडवलं, खऱ्या माणसाने कसं सोडवलं, आणि या दोन उत्तरांच्या मधे काय गळून पडलं. शेवटी तुमच्या पुढच्या गेमसाठी तीन कल्पनाही देणार आहे.

बुक्कीने झाड

माइनक्राफ्टपासून सुरू करू. २००९ मध्ये मार्कुस पेर्सन या स्वीडिश माणसाने हा गेम पहिल्यांदा लोकांसमोर आणला. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. त्यातलं कोड्याचं उत्तर एकदम सोपं आहे: बुक्की मारा. झाडावर बुक्क्या मारल्या की ओंडका सुटून हातात येतो. एका ओंडक्याच्या चार फळ्या, दोन फळ्यांच्या चार काठ्या. तीन ओंडके मिळाले की टेबलही होतं, कुऱ्हाडही होते. सगळं मिळून एक मिनिटही लागत नाही.

रस्टमध्ये सुरुवातीलाच हातात एक दगड देतात. व्हॅलहाइममध्ये जमिनीवर पडलेल्या काटक्या आणि दगड वेचून दगडी कुऱ्हाड करता येते. त्यात एक गंमत आहे. तोडलेलं झाड कुठेही पडतं, अंगावर पडलं तर तुम्ही मेलात. पहिल्यांदा खेळताना मी शत्रूच्या हातून मेलो नव्हतो, स्वतः तोडलेल्या झाडाखाली मेलो होतो.

पण जवळजवळ सगळ्या गेममध्ये एक गोष्ट सारखी असते. लाकूड म्हणजे एक आकडा. ‘लाकूड: १४’. कोणत्या झाडाचं, ओलं की सुकं, बुंध्याचं की फांदीचं, कोणी विचारत नाही. हा आकडा लक्षात ठेवा.

कपाटात नसलेलं युग

आता इतिहासात शिरू. आपण शाळेत शिकलो: पाषाणयुग, ताम्रयुग किंवा कांस्ययुग, मग लोहयुग. ही विभागणी कुठून आली माहितीय? कोपनहेगनच्या एका संग्रहालयातून. ख्रिश्चन युर्गेन्सन थॉमसेन नावाचे गृहस्थ तिथल्या जुन्या वस्तूंची मांडणी करत होते. त्यांनी दगडाच्या, कांस्याच्या आणि लोखंडाच्या वस्तू वेगळ्या केल्या, त्यांचा काळानुसार क्रम लावला, आणि १८३६ मध्ये ही तीन युगांची कल्पना छापून आली. कल्पना चांगलीच होती. पण त्यात एक अडचण होती. कपाटात तेच ठेवता येतं जे टिकतं. दगड लाखो वर्षं टिकतो. लाकूड काही पावसाळ्यांत कुजतं.

म्हणून आपल्याकडे पाषाणयुग आहे, पण ‘लाकूडयुग’ नाही. त्या माणसाच्या हातात दगडाइतकंच, बहुतेक जास्तच, लाकूड असणार. ते उरलं नाही, एवढंच.

क्वचित कुठेतरी उरतं. लाकूड कायम पाण्याखाली, चिखलात दबून राहिलं आणि हवा लागली नाही, तर ते वाचतं. झांबियात कलांबो नदीच्या धबधब्याजवळ असंच झालं. लॅरी बारहम यांच्या गटाने २०२३ मध्ये जाहीर केलं की तिथे दोन ओंडके एकमेकांवर आडवे बसवलेले सापडलेत. वरच्या ओंडक्याला मुद्दाम खाच पाडली आहे, ती खालच्यावर घट्ट बसावी म्हणून. वय? सुमारे ४ लाख ७६ हजार वर्षं! आपली म्हणजे होमो सेपियन्सची जात तेव्हा पृथ्वीवर आलेलीही नव्हती.

दुसरी जागा जर्मनीतली, श्योनिंगेन. तिथे कोळशाच्या खाणीत १९९० च्या दशकात घोड्यांच्या हाडांसोबत लाकडी भाले मिळाले. वय २ ते ३ लाख वर्षं, त्यावर अजून वाद चालू आहे. पण आपल्यासाठी महत्त्वाचं वय नाही, कारागिरी आहे. बहुतेक भाले स्प्रूसच्या बारीक खोडाचे आहेत. भाल्याचं टोक काढलंय ते बुंध्याच्या बाजूने, कारण तिथे लाकूड सगळ्यात कठीण असतं. आणि टोक खोडाच्या बरोबर मध्यावर न काढता जरा बाजूला काढलंय, कारण मधला गाभा मऊ असतो. ज्याने हा भाला केला त्याला लाकूड आतून माहीत होतं.

कोड्याचं उत्तर

मग पहिल्या कोड्याचं काय? कुऱ्हाड आधी की दांडा आधी?

उत्तर असं, की पहिल्या हत्याराला दांडाच नव्हता. केन्यात लोमेक्वी इथे मिळालेली दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. दगडावर दगड मारून धार काढायची आणि मुठीत धरून वापरायचं. आपल्याकडे प्रवरेच्या काठी नेवाशाला ह. धी. सांकळियांना मिळालेल्या हातकुऱ्हाडीही अशाच, बिनदांड्याच्या. मुठीतल्या दगडाने मोठं झाड पडत नाही, पण फांदी कापता येते, साल सोलता येते, टोक काढता येतं. दगडाला दांडा बांधायची युक्ती माणसाला सुचली ती गेल्या काही लाख वर्षांत. म्हणजे तुम्ही गेममध्ये जे एका मिनिटात करता, ते जमायला माणसाला आणि त्याच्या पूर्वजांना जवळपास ३० लाख वर्षं लागली.

आणि दांडा लावला म्हणजे झालं असंही नाही. १९५० च्या दशकात डेन्मार्कच्या ड्रेव्हेड जंगलात संशोधकांनी एक प्रयोग केला. संग्रहालयातली खरी, हजारो वर्षांपूर्वीची चकमकीच्या दगडाची पाती घेतली, त्यांना नवे दांडे लावले आणि झाडं तोडायला घेतली. सोबत पट्टीचे लाकूडतोडेही होते. त्यांनी सवयीप्रमाणे खांद्यातून जोर लावून लांब घाव घातले. झालं काय? धारेचे तुकडे पडले, पाती मोडली. मग हळूहळू समजलं की दगडी कुऱ्हाड अशी चालवायचीच नसते. कोपर आणि मनगट वापरून छोटे, झटपट घाव घालायचे. ते जमल्यावर मात्र झाडं पडायला लागली. फार जाड झाडांच्या वाटेला ते गेलेच नाहीत, त्यांची नुसती सभोवार साल काढून उभ्या उभ्या वाळवायची.

बघा, हत्यार संग्रहालयात शाबूत होतं. हरवलं होतं ते हत्यार चालवणाऱ्या हाताचं ज्ञान.

एका माणसाची इन्व्हेंटरी

आता मी तुम्हाला एका खऱ्या माणसाची इन्व्हेंटरी उघडून दाखवतो.

१९ सप्टेंबर १९९१. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात फिरायला गेलेल्या जोडप्याला एक मृतदेह दिसला. आधी वाटलं, अलीकडेच मेलेला गिर्यारोहक असेल. तो निघाला सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याला आज जग ‘ओट्झी’ म्हणतं. बर्फामुळे त्याच्याबरोबर त्याचं सामानही वाचलं, लाकडासकट.

त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती. दांडा यू नावाच्या झाडाचा, साधारण ६० सेंटीमीटर. फांदी जिथे निसर्गतःच वळते तसा तुकडा शोधून घेतलेला, म्हणजे पातं बसवायला कोपरा आपोआप मिळतो. पातं बसवलं बर्चच्या सालीपासून काढलेल्या डांबराने आणि वर चामड्याची पट्टी आवळली. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या कुळातलं झाड. चकमकीच्या सुऱ्याची मूठ ॲशच्या लाकडाची. पाठीवरच्या ओझ्याची चौकट हेझल आणि लार्चची. बाणांच्या काड्या एका सरळसोट वाढणाऱ्या झुडपाच्या. निखारे न्यायला बर्चच्या सालीचा डबा, आत मेपलची पानं.

मोजा किती झाडं झाली! ‘लाकूड: १४’ असं या माणसाला सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, कोणतं?

आता पुढचं नीट ऐका. त्याचं धनुष्यही यूचं होतं, १ मीटर ८२ सेंटीमीटर लांब, त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा मोठं. पण ते अर्धवट होतं. तासल्याच्या खुणा अजून त्यावर दिसतात. भात्यात १४ बाण होते, त्यातले फक्त २ पुरे केलेले, आणि तेही मोडलेले. बाकीचे १२ नुसत्या काड्या. त्याच्या चकमकीच्या हत्यारांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की ती पुन्हा पुन्हा धार लावून झिजत आली होती. नवा दगड त्याला काही काळ मिळालेला नसावा. उजव्या हातावर खोल जखम होती, मरणाच्या काही दिवस आधीची. आणि २००१ मध्ये एक्स-रेमध्ये दिसलं की डाव्या खांद्यात बाणाचं टोक रुतलंय. त्याला कोणीतरी मागून मारलं होतं.

हा माणूस क्राफ्टिंग करता करता मेला. गेममध्ये बटण दाबलं की धनुष्य तयार होतं. याला वेळ हवा होता, आणि वेळच नव्हता.

आजोबांचा दांडा

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. घरभेद्या माणसासाठी वापरतात. पण ज्याने ती पहिल्यांदा म्हटली त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती, की लाकडाशिवाय लाकूड तुटत नाही.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना सुट्टीत गावी आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला. मी हुशारी करून एक हिरवी, सरळ फांदी तोडली, सोलली, नेढ्यात ठोकली. झकास बसली. आजोबा बघून फक्त म्हणाले, “राहू दे, आठ-दहा दिवसांनी बघू.” मी कुठला थांबतोय! आठवड्याने सरपण फोडायला घेतली, तर तिसऱ्या घावाला पातं निसटून माझ्या कानाजवळून गेलं आणि गोठ्याच्या भिंतीवर आदळलं. ओलं लाकूड सुकलं की आक्रसतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग आजोबांनी माळ्यावरून एक धावड्याचा दांडा काढला. तो कधीपासून तिथे सुकत पडला होता. दांड्याला धावडा, कारण तो चिवट, हादरा सोसतो. नांगराला बाभूळ. गावच्या सुताराला हे सगळं तोंडपाठ असायचं. वर त्यांनी पाचर ठोकली. ती कुऱ्हाड अजून घरी आहे.

तुमच्या गेमसाठी तीन कल्पना

आता कबूल केल्याप्रमाणे. तुम्ही गेम बनवत असाल तर हे त्यात घाला, नुसते खेळत असाल तर स्वतःवर नियम म्हणून लावून बघा.

एक: लाकडाला नाव द्या. कुऱ्हाडीचा दांडा एका झाडाचा, बाण दुसऱ्याचा, सरपण तिसऱ्याचं. गेममध्ये झाडांचे प्रकार असतातच, आपण फक्त रंग बघून घर बांधतो.

दोन: लाकूड सुकू द्या. कॅनडाच्या बर्फातला ‘द लाँग डार्क’ हे करतो. त्यात धनुष्यासाठी मेपलचं रोप कापलं तर ते काही दिवस घरात वाळवावं लागतं. तोवर भूक आणि थंडी थांबत नाही. मग आजचा दिवस जगायचं की आठ दिवसांनंतरची तयारी करायची, हा खरा प्रश्न समोर येतो. ओट्झीसमोरही तोच होता.

तीन: आधी पडलेलं वेचा, मग उभं तोडा. सरपणासाठी उभं झाड पाडावंच लागतं असं नाही. आपल्याकडे डोंगरात मोळी आणणाऱ्या बायका वाळल्या काटक्याच गोळा करतात, कारण त्या हलक्या असतात आणि लगेच पेटतात. कोणत्या वाटेवर काय वाळलंय हे ध्यानात ठेवणं हेही एक कौशल्यच आहे, पण गेममध्ये त्याचे पॉइंट मिळत नाहीत.

हे सगळं एका गेमने फार पूर्वीपासून मनावर घेतलंय. फिनलंडच्या सामी मारानेन यांचा ‘अनरिअल वर्ल्ड’, १९९२ पासून आजवर चालू असलेला, लोहयुगातल्या फिनलंडमधला. दिसायला अगदी साधा. पण त्यात कामाला वेळ लागतो, आणि वेळ गेला की हिवाळा जवळ येतो.

मला बुक्कीने झाड तोडायला अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू. पण आता ओंडका हातात आला की मी क्षणभर थांबतो आणि विचारतो, हे कुठलं झाड?

तुमच्या घरी विळा, कोयता, कुऱ्हाड, फावडं, काहीही असेल तर आज एक काम करा. त्याचा दांडा कुठल्या लाकडाचा आहे ते घरातल्या मोठ्या माणसाला विचारा आणि उत्तर आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि झाड पडताना बाजूला व्हा!