बारावीचे संगणकशास्त्र : प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) अकरावी व बारावीच्या अभ्यासक्रमात संगणकशास्त्र (विषय संकेतांक ०८३) आणि इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस (०६५) असे दोन पर्यायी विषय आहेत. विद्यार्थ्याला त्यांपैकी एकच निवडता येतो. प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस हे दोन्ही विषयांचे प्रमुख घटक आहेत.

पार्श्वभूमी

केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' हा पथदर्शी प्रकल्प सुरू करून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक पुरविले. त्या काळी संगणकाची ओळख करून देणे हाच मुख्य हेतू होता. पुढे उच्च माध्यमिक स्तरावर प्रोग्रॅमिंगचे रीतसर शिक्षण सुरू झाले. संगणकशास्त्रात दीर्घकाळ सी प्लस प्लस, तर इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेसमध्ये जावा ही भाषा शिकविली जात असे. आता दोन्ही विषयांसाठी पायथॉन ही भाषा निश्चित करण्यात आली आहे. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ही भाषा विनामूल्य उपलब्ध आहे. डेटाबेससाठी वापरल्या जाणाऱ्या मायएसक्यूएल या प्रणालीची विनामूल्य आवृत्तीही मिळते. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या खर्चाचा भार शाळांवर पडत नाही.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

२०२४-२५ च्या अभ्यासक्रमानुसार बारावीच्या संगणकशास्त्रात लेखी परीक्षेला ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण आहेत. लेखी परीक्षेत प्रोग्रॅमिंगला ४०, डेटाबेसला २० आणि संगणक नेटवर्कला १० गुण देण्यात आले आहेत.

प्रोग्रॅम बंद झाला की त्याच्या स्मृतीतील माहिती नष्ट होते. म्हणून विद्यार्थी प्रथम माहिती फाइलमध्ये साठविण्यास शिकतो. मात्र एकच पत्ता तीन फाइलींत असेल आणि बदल एकाच फाइलीत केला गेला, तर नोंदींमध्ये विसंगती निर्माण होते. या अडचणीवर ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली रिलेशनल डेटाबेसची संकल्पना उपयोगी पडते.

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेता येईल. सभासद, पुस्तके आणि देवघेव अशी तीन कोष्टके केली जातात. सभासदाचा क्रमांक ही त्याची 'प्रायमरी की' असते. देवघेवीच्या कोष्टकात नाव व पत्ता पुन्हा न लिहिता केवळ हा क्रमांक नोंदविला जातो. मुदत संपूनही पुस्तक परत न करणाऱ्यांची यादी एसक्यूएलच्या एका आज्ञेने मिळते. ही आज्ञा पायथॉनच्या प्रोग्रॅममधून डेटाबेसकडे पाठविणे, हा अभ्यासक्रमाचा शेवटचा टप्पा होय.

प्रत्यक्ष सरावाचे महत्त्व

सीबीएसईच्या लेखी परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर लिहावा लागतो. पायथॉनमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेवरून प्रोग्रॅमची रचना ठरते. त्यामुळे हस्ताक्षरातही ती जागा काळजीपूर्वक दाखवावी लागते. याउलट, महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची परीक्षा संगणकावर घेतली जाते.

काही चुकांचे गांभीर्य कागदावर कळत नाही. एसक्यूएलमधील 'अपडेट' या आज्ञेत 'व्हेअर' ही अट लिहायची राहिली, तर उत्तरपत्रिकेत फार तर एखादा गुण जातो. संगणकावर मात्र कोष्टकातील सर्व नोंदी एकदम बदलतात. हा फरक स्वतः अनुभवलेला विद्यार्थी आज्ञा देण्यापूर्वी ती पुन्हा तपासू लागतो. पुढे बँक, रुग्णालय किंवा शासकीय कार्यालयाच्या नोंदी हाताळताना हीच सवय उपयोगी पडते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरापूर्वीच, उच्च प्राथमिक वर्गांपासून कोडिंगची ओळख करून देण्याचा उल्लेख आहे. मात्र एका संगणकाभोवती अनेक विद्यार्थी बसत असतील, तर आज्ञा प्रत्यक्ष देण्याची संधी एखाद्यालाच मिळते आणि इतरांचे शिक्षण पाहण्यापुरतेच मर्यादित राहते. घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्यांना तर शाळेच्या प्रयोगशाळेचाच आधार असतो. म्हणूनच या विषयाच्या वेळापत्रकात प्रयोगशाळेच्या तासिकांना वर्गातील तासिकांइतकेच महत्त्व मिळणे आवश्यक ठरते.