तेलाचे हात आणि पुस्तकाची पानं

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा सोळा वर्षांचा, दहावी झालेला. नखांत काळं तेल बसलेलं. वडील म्हणाले, "सर, हा दिवसभर कोपऱ्यावरच्या गॅरेजात असतो. गाड्यांशिवाय याला काही सुचत नाही. आयटीआयला घालू, डिप्लोमाला घालू, की सरळ गॅरेजातच बसवू?"

तंत्रनिकेतनात तीस वर्षं शिकवलेल्या माणसाकडे याचं उत्तर तयार असायला हवं. माझ्याकडे ते नव्हतं. म्हणून, श्रोतेहो, मी जुन्या माणसांकडे वळलो. गाड्या आणि त्यांचं वंगण यांच्यापायी ज्यांनी आयुष्य वेचलं, ती मंडळी मुळात काय शिकली होती, आधी कोणत्या नोकरीत होती, हे पाहू लागलो.

पहिलीच गाठ पडली ती एका डॉक्टरांशी! अमेरिकेतले जॉन एलिस हे खनिज तेलात काही औषधी गुण आहेत का, ते तपासत होते. औषध हाती लागलं नाही. पण वाफेच्या इंजिनांच्या झडपांना हे तेल उत्तम चालतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. १८६६मध्ये त्यांनी कंपनी काढली. 'व्हॅल्व्होलिन' हे नाव पुढे तिच्याच तेलाला मिळालं. इंग्लंडचे चार्ल्स वेकफिल्ड हे तेलाच्या व्यापारातले. १८९९मध्ये त्यांनी लंडनला स्वतःचा धंदा सुरू केला. मोटारी आणि विमानं आली, तेव्हा थंडीत गोठणार नाही आणि उष्णतेत फार पातळ होणार नाही असं तेल हवं होतं. त्यासाठी त्यांच्याकडे तेलात चक्क एरंडेल मिसळलं गेलं. आपल्या आज्या नाक दाबून पाजायच्या, तेच! एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच 'कॅस्ट्रॉल' हे नाव पडलं.

मग पदवीची गरजच नाही म्हणायची? तसं म्हणावं, तर एलायजा मॅकॉय आडवे येतात. केंटकीतल्या गुलामगिरीतून निसटून कॅनडात पोचलेल्या जोडप्याचा हा मुलगा. आईवडिलांनी त्याला पंधराव्या वर्षी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला यंत्रविद्या शिकायला पाठवलं. इंजिनिअर होऊन तो अमेरिकेत आला. पण काळ्या माणसाला इंजिनिअर म्हणून घेणार कोण? रेल्वेत काम मिळालं ते भट्टीत कोळसा टाकण्याचं आणि इंजिनाला तेल घालण्याचं. त्या काळी ठरावीक अंतरानं गाडी थांबवायची, हातानं तेल घालायचं आणि पुढे निघायचं, असा प्रकार होता. हजारो तेलवाल्यांनी हे काम केलं. मॅकॉयच्या हातात तेलाचा डबा होता आणि डोक्यात एडिंबरोचं शिक्षण होतं. इंजिन चालू असतानाच वाफेच्या दाबावर सिलिंडरपर्यंत तेल पोचवणारं उपकरण त्यानं बनवलं आणि १८७२मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या नावावर पन्नासहून अधिक पेटंटं जमा झाली. त्याच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. पण त्या हलक्या मानलेल्या कामातूनच त्याला प्रश्न मिळाला, हेही खरं.

आता इंग्लंडमध्ये या. १८८३च्या सुमारास ब्यूचॅम्प टॉवर हे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल आत सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं. तेल आत जाण्याऐवजी उलटं वरच येऊ लागलं! त्यांनी भोकाला बूच मारलं. तेही बाहेर ढकललं गेलं. दाबमापक लावला, तर काटा दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र शंभराचाच होता.

हे कोडं सोडवलं मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी, १८८६मध्ये. फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढतो, निमुळत्या फटीत ते पाचरीसारखं घुसतं आणि त्या दाबानं आस उचलून धरला जातो. धातू धातूला टेकतच नाही. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. तुमच्या-आमच्या गाडीचा क्रँकशाफ्ट आजही याच पापुद्र्यावर फिरतो. हे रेनॉल्ड्स केंब्रिजचे गणिती खरे. पण केंब्रिजला जाण्यापूर्वी ते जहाजं आणि इंजिनं बांधणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारी करून आले होते.

उलट दिशेनं आलेला माणूस म्हणजे सोइचिरो होंडा. १९२२मध्ये, कोवळ्या वयात, ते टोकियोतल्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात लागले. पहिले काही महिने मालकाचं तान्हं मूल सांभाळण्यात गेले. पुढे मात्र ते नावाजलेले मेकॅनिक झाले आणि त्यांनी पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. पिस्टन रिंग म्हणजे जळालेला वायू खाली निसटू न देणारी आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा तेल खरवडून काढणारी कडी. दिसायला साधी, करायला महाकठीण. टोयोटाकडे दिलेल्या पन्नास रिंगांपैकी उत्तीर्ण झाल्या फक्त तीन. हात तयार होता; पण धातूचं शास्त्र ठाऊक नव्हतं. तेव्हा स्वतःचा व्यवसाय असलेला हा माणूस हामामात्सूच्या तंत्रशाळेत जाऊन बसला. प्रमाणपत्राची त्यांना पर्वा नव्हती. आपली रिंग का बिघडते, एवढंच त्यांना हवं होतं.

या सगळ्या कहाण्यांचा हिशेब एका सरकारी अहवालात मांडला गेला. पीटर जोस्ट हे इंग्लंडमधले वंगण-उद्योगातले इंजिनिअर, तांत्रिक महाविद्यालयांत शिकलेले. १९६६मध्ये त्यांच्या समितीनं सांगितलं, की घर्षण आणि वंगण यांचं ज्ञान नीट वापरलं, तर ब्रिटनचे वर्षाला साडेएकावन्न कोटी पौंड वाचतील. या विषयाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव त्याच अहवालानं रूढ केलं. आणि अहवालाच्या शीर्षकातच 'शिक्षण' हा शब्द होता. तेल नव्हतं असं नाही. ज्याच्या हातात डबा त्याला शास्त्र माहीत नाही आणि ज्याला शास्त्र माहीत तो डब्याला हात लावत नाही, हे मोठं दुखणं होतं.

ते वाचताना मी ओशाळलो, श्रोतेहो. तीस वर्षं मी फळ्यावर बेअरिंगची आकृती काढली, दाटपणाची व्याख्या पाठ करून घेतली. पण तेलाचा डबा वर्गात एकदाही नेला नाही. थंड तेल कसं ओघळतं आणि तापलेलं कसं पळतं, हे दाखवायला पाच मिनिटं पुरली असती.

त्या गृहस्थांना मी सांगितलं, "डिप्लोमाला घाला, पण त्याचं गॅरेज सुटू देऊ नका. शनिवार-रविवार तिथं जाऊ द्या. फीची ओढाताण होत असेल, तर आयटीआयला घाला. तिथूनही डिप्लोमाची वाट आहे. पुस्तक आणि पाना, दोन्ही त्याच्या हाताशी राहू देत." मुलाला टॉवरांच्या बुचाची गोष्ट सांगितली. तो इतका वेळ मान खाली घालून बसला होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "सर, मग गाडी सुरू होताना, आस फिरायच्या आधी, तो पापुद्रा असतो का?"

नसतो. म्हणूनच इंजिनाची बरीचशी झीज सुरू होण्याच्या त्या क्षणांत होते. माझ्या वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. आता तो मुलगा रविवारी संध्याकाळी माझ्याकडे येतो, आणि येताना मी जुन्या तेलाची बाटली घेऊन यायला सांगतो.