पती-पत्नीच्या सामाईक घराची विक्री न्यायालय केव्हा करते?

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती पडला म्हणजे संसाराचा सारा हिशेब मिटला, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात दोघांच्या नावावर घेतलेले घर त्यानंतरही सामाईकच राहते. सातारा, सांगलीसारख्या शहरांत गृहकर्ज काढून घेतलेली सदनिका हीच अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांची एकमेव मोठी मिळकत असते. दोन खोल्यांचे दोन तुकडे होत नाहीत. मग प्रश्न न्यायालयात जातो.

हिस्सा कसा ठरतो?

विवाहामुळे पती-पत्नीची मालमत्ता आपोआप एक होते, अशी तरतूद महाराष्ट्रात नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशाने सामाईकत्वाचे तत्त्व लागू आहे. पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले. पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ विवाहप्रसंगी मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंपुरते आहे.

त्यामुळे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ महत्त्वाचे ठरते. खरेदीत ज्याने जितकी रक्कम घातली, तितका त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर हिस्से समान मानले जातात. म्हणूनच हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, हे दाखवणारी बँकेची कागदपत्रे जपून ठेवावीत. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरील नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.

विक्रीचा आदेश

१८९३ च्या वाटप कायद्यानुसार, प्रत्यक्ष वाटप सोयीचे नसेल आणि विक्री अधिक हिताची असेल, तर न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. मात्र मागणी करणाऱ्याचा हिस्सा किमान निम्मा हवा. म्हणजे समान हिस्सा असल्यास पती किंवा पत्नी, कोणीही मागणी करू शकते. चाळीस टक्के हिस्सा असलेल्याला ती एकट्याने करता येत नाही.

अशी मागणी होताच दुसऱ्या पक्षाला एक संधी मिळते. मागणी करणाऱ्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या मूल्याने तो विकत घेऊ शकतो. घर टिकवू इच्छिणाऱ्या जोडीदारासाठी ही तरतूद मोलाची आहे. लिलाव झालाच, तर न्यायालय राखीव किंमत ठरवते. सहहिस्सेदाराला बोली लावता येते आणि आपल्या हिश्श्याची रक्कम वळती करून घेण्याची मुभाही मिळू शकते.

शेतजमिनीचे वाटप वेगळ्या वाटेने जाते. सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही.

दावा कोठे?

१९८४ च्या कायद्यानुसार पती-पत्नींमधील मालमत्तेचे वाद कौटुंबिक न्यायालय ऐकते. ते नसेल तेथे दिवाणी न्यायालय. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येते. सातारा व सांगलीच्या पक्षकारांना त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाले आहे. विवाहविषयक मालमत्तेच्या वादात महिलांना न्यायालयीन शुल्कात माफी देणारी राज्य शासनाची अधिसूचना १९९४ ची आहे.

निवारा आणि कर्ज

विक्रीच्या भीतीने घराबाहेर पडण्याची घाई करू नये. घरगुती हिंसाचाराची तक्रार असल्यास २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकारी निवासाचा आदेश देऊ शकतात, तसेच सामाईक मालमत्ता परस्पर विकण्यास मनाई करू शकतात.

कर्जाचे बंधन मात्र घटस्फोटाने सुटत नाही. दोघांनी सही केली असेल, तर बँक दोघांकडेही वसुली मागू शकते. नोंदणीकृत हक्कसोडपत्राने हिस्सा सुटला, तरी बँकेच्या लेखी संमतीविना कर्जदार म्हणून असलेली जबाबदारी राहतेच. लिलावापूर्वी समझोता करायचा असेल, तर घर, कर्ज आणि निवारा या तिन्हींचा निवाडा एकाच तडजोडपत्रात लिहून घेणे शहाणपणाचे.