विधानसौध आतून पाहायचे तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला बेंगळुरूचे विधानसौध ठाऊक असते ते बहुतेक कामापुरते. अडकलेली फाईल, आमदारांची चिठ्ठी, फाटकावरचा पास. काही काम नसताना नुसते बघायला आत जायची सोय जून २०२५ पासून झाली आहे. राज्य पर्यटन महामंडळाची ही मार्गदर्शित फेरी साधारण दीड तासाची असते. कचेऱ्या बंद असतात म्हणून ती रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी ठेवली आहे. सुरुवातीला तिकीट ५० रुपये होते आणि एका गटात ३० जण. नोंदणी ऑनलाईन करायची, ओळखपत्र सोबत ठेवायचे. वेळा बदलू शकतात, त्यामुळे रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडण्याआधी महामंडळाच्या संकेतस्थळावर पाहून घेतलेले बरे.

पायाभरणी १३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंनी केली. तेव्हा मुख्यमंत्री होते के. सी. रेड्डी. १९५२ मध्ये केंगल हनुमंतय्या आले आणि त्यांनी मूळचा साधा आराखडा बाजूला ठेवला. समोरच १८६८ ची लाल अठरा कचेरी, म्हणजे आजचे उच्च न्यायालय, साहेबी थाटात उभी. तिच्यापुढे आपली इमारत द्राविडी वळणाची आणि तिच्याहून मोठी हवी, असा त्यांचा हट्ट. सुमारे ७०० फूट लांब, ३५० फूट रुंद अशी ही ग्रॅनाईटची वास्तू बी. आर. माणिकम यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. बांधकामावर कैदीही राबले. खर्च पावणेदोन कोटींच्या घरात गेला, त्यावरून ओरड झाली आणि १९५६ मध्ये हनुमंतय्यांचे पदही गेले.

दर्शनी भागावर कोरले आहे : सरकारचे काम हे देवाचे काम. जमिनीच्या उताऱ्यासाठी चार खेपा घातलेला माणूस ही ओळ जरा थांबूनच वाचेल.

सीमाभागातल्या माणसाने एक गोष्ट मनात धरून आत जावे. हे सौध बांधायला घेतले ते जुन्या, लहान म्हैसूर राज्यासाठी. ते पुरे झाले १९५६ साली, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव, कारवार, बिदर त्या राज्यात गेले. १९५७ पासून महाराष्ट्र एकीकरण समितीचे निवडून आलेले आमदार बसले ते इथेच. २०१८ पासून मात्र समितीचा एकही आमदार तिथे नाही. हलग्याचे सुवर्ण विधानसौध फार पुढचे, २०१२ चे. त्याचा तोंडवळा याच इमारतीवरून घेतलेला.

माहिती कन्नड आणि इंग्रजीत सांगतात, मराठीची सोय नाही. घरातल्या कन्नड येणाऱ्या जाणत्या माणसाला सोबत न्यावे. मेट्रोने यायचे तर पर्पल लाईनवर आंबेडकर स्थानकाला उतरावे. तिथून चालत जाता येते.